अर्धी वाटी दूध

प्रिय सूनबाई,

‘प्रिय’ लिहिलं आणि पेन अडलं, कारण आपल्या दोघींत हा शब्द कधी वापरात नव्हता. पण पत्र असंच सुरू करतात एवढं चौथीपर्यंत शिकवलं होतं, आणि चौथीच्या पुढे मी गेले नाही. ओळी वाकड्या गेल्या तर चालवून घे. फोन तू उचलत नाहीस. तुझ्या नवऱ्याकडे निरोप द्यावा तर तो त्यात इतकं पाणी घालतो की माझं म्हणणं पार पातळ होऊन जातं. म्हणून भर दुपारी, गिऱ्हाईक नसताना, दुकानातल्या स्टुलावर बसून स्वतःच लिहितेय. मागणं एकच. सुट्टी लागली की माझ्या नातीला, भिंगरीला, महिनाभर माझ्याकडे पाठव. तू नाही म्हणणार हे मला ठाऊक आहे. पण शेवटपर्यंत वाच आणि मग नाही म्हण.

आधी घरातली खबर. दूध आता फक्त खाली दुकानात. वरच्या घरात थेंब येत नाही. दुकान बंद केलं की खालच्या नळावर कोपरापर्यंत साबण लावून हात धुते, ॲप्रन तिथेच खिळ्याला अडकवते, चपला बदलते आणि मग जिना चढते. वरची भांडी सगळी नवी आहेत. ती पळी, जिचं नाव तुमच्याकडे रोज निघत असेल, तीही टाकून दिली. तिच्याबद्दल पुढे लिहिते. माझा चहासुद्धा कोरा. पहिले आठ दिवस तो पिताना तोंड असं व्हायचं की आरशासमोर जायची सोय नव्हती. सकाळी दूध न्यायला येणारे ते चित्रकलेचे रिटायर मास्तर आहेत ना, त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, काय हो, स्वतःचा माल स्वतः पीत नाही, बिघडलाय की काय? मी म्हटलं, मास्तर, तुम्ही जन्मभर घोडे काढलेत, बसलात का कधी एकावर? पिशवी उचलून चालते झाले.

दूध नाही तर पोरीची हाडं कशी होणार, हे मी तुझ्यामागे सारखं लावलं होतं, ते काही तुला छळायला नाही. माझी आई बावन्नाव्या वर्षी उंबऱ्याला अडखळली आणि तिचा खुबा मोडला. पुन्हा उभी राहिली नाही. सहा वर्षं मी तिला या कुशीवरून त्या कुशीवर केलं. आमच्या घरी दूध औषधालाही नसायचं. तेव्हा जे डोक्यात बसलं ते बसलं. पुढे धंदाही दुधाचाच धरला, आणि तुझ्या नवऱ्याला ग्लास संपल्याशिवाय कधी दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. मग तू आलीस, पोर झाली, तिला दूध चालत नाही म्हणालीस, आणि मला वाटलं ही सगळी हल्लीची थेरं.

आता ऐक. गेले चार महिने दर मंगळवारी मी आरोग्य केंद्रातल्या आहारवाल्या बाईंकडे जाते. पोरगी माझ्या निम्म्या वयाची. पहिल्याच दिवशी मला आजी म्हणाली. मी म्हटलं, आजी तुझ्या घरी, मला मावशी म्हण. तिनं सांगितलं, मावशी, कॅल्शियम दुधात असतं, पण दुधानं त्याचा मक्ता घेतलेला नाही. तिथून माझी शाळा सुरू झाली. तिनं शिकवलं की सोयाचं दूध घ्यायचं तर कॅल्शियम घातलेलंच घ्यायचं, आणि ओतण्याआधी डबा खळाखळा हलवायचा, कारण ते तळाशी बसतं. हे मला कळेपर्यंत महिना गेला होता. महिनाभर मी वरचं पाणी प्याले आणि तळातलं कॅल्शियम मोरीला पाजलं. मोरीची हाडं आता लोखंडासारखी झाली असतील. मग एकदा शाबासकी मिळेल म्हणून डबाभर पालक शिजवून दाखवायला नेला. ती म्हणाली, पालकात कॅल्शियम आहे, पण तो ते स्वतःच धरून बसतो, अंगाला फारसं लागू देत नाही. कंजूष मेला! त्यापेक्षा कोबी, ब्रोकोली, मोहरीचा पाला बरा. तीळ सालासकट भाजून वाटते, भिंगरीला ते चालतात, तूच पावाला लावून देतेस. बारके मासे काट्यासकट मऊ शिजवायचे. टोफू कॅल्शियमचं मीठ घालून घट्ट केलेला बघून घ्यायचा. आणि रोज उन्हात खेळायला सोडायचं, नाहीतर खाल्लेलं हाडापर्यंत पोचत नाही.

पाकिटं भिंगातून वाचते. दुधाची पावडर, व्हे, केसीन, कुठे कुठे लपून बसलेलं असतं! जन्मभर दूध विकलं, पण त्याची इतकी टोपणनावं आहेत हे मला माहीत नव्हतं. चोरालाही नसतील. मी त्या बाईला म्हटलं, चार महिने दूध सोडलंय, बघ, माझी हाडं काही विरघळली नाहीत. ती हसली आणि म्हणाली, चार महिन्यांत कळत नसतं मावशी, नेमानं खात राहा. तर खातेय. पोरीला दिवसाला किती लागतं, कशातून किती येतं, सगळं मला पाठ आहे. विचार कधीही.

मागच्या रविवारी तुझा नवरा येऊन गेला. तीळ चाटत चाटत सहज म्हणाला की शाळेत भिंगरीचं टेबल वेगळं केलंय, खिडकीपाशी, ती एकटीच जेवते. वाढदिवसांना जात नाही. मैत्रिणीनं हात धरला तर आधी विचारते, तू काय खाल्लंस? सहा वर्षांची पोर! डॉक्टरांनी फाइलवर लिहिलंय म्हणे, पळीला लागलेल्या दुधानंही तिला त्रास होतो. तो गेला आणि त्या संध्याकाळी मी दुकान उघडलंच नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. पळी नव्हती. त्या दुपारी तू कामावर होतीस, आणि मी भिंगरीच्या बटाट्याच्या सूपमध्ये अर्धी वाटी दूध घातलं. मुद्दाम. मापात माझा हात चुकत नाही, अर्धी म्हणजे अर्धी. मला वाटलं, कळलं नाही तर बाधणार नाही. पाच मिनिटांत तिचे ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला, आणि मी तिला उचलून रस्त्यावरून अनवाणी पळाले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, किती गेलं पोटात? कामावरून धावत येऊन पोचलेली तू माझ्याकडे बघत होतीस. माझ्या तोंडून निघालं, दुधातली पळी लागली असेल. त्यांनी ते लिहून घेतलं, आणि त्या न लागलेल्या पळीपायी पोर खिडकीपाशी बसलीय. उद्याच जा आणि डॉक्टरांना खरं सांग. सही हवी असेल तर मी येऊन करते. थेंबानं तिला त्रास होत नाही असं मी म्हणत नाही, मला काय कळतं त्यातलं. ते तपासतील आणि सांगतील. तोवर टेबल आहे तिथेच असू दे, मनानं काही करू नकोस. मनानं मी एकदा केलं, तेवढं पुरे झालं. हे वाचून तू तिला पाठवली नाहीस तर ते बरोबरच असेल. पाठवलीस तर तूही ये. मी रांधेन, तू समोर खुर्ची टाकून माझ्या हातांकडे बघत बस. मला राग येणार नाही. येईल, पण गिळेन.

तुझीच,
दूधवाली सासू