पॅनेल गरम का होतं

६ जानेवारी, मंगळवार
शाळेत डिजिटल पॅनेल आलं. सहावीच्या वर्गात, म्हणजे माझ्याच वर्गात बसवलं. बसवणारा म्हणाला, बोटाने चालतं, सोपं आहे. मी म्हटलं, माहीत आहे. सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवतोय. रविवारी दोन तासांत शिकून टाकतो. तोवर धूळ नको म्हणून घरची चादर टाकली.

११ जानेवारी, रविवार
सायखेड्यापर्यंत बस, पुढे चालत शाळेत गेलो. लाइट होती, म्हणून लावलं नाही. व्होल्टेजचा काय भरवसा?

१४ जानेवारी
संक्रांत. सणाच्या दिवशी नव्या यंत्राला हात लावू नये. असं कुठे लिहिलेलं नाही, पण मला वाटतं.

१६ जानेवारी, शुक्रवार
केंद्रप्रमुख उज्ज्वला मॅडमचा फोन. २७ तारखेला माझा पाठ बघायला येणार. पॅनेल वापरायचं आणि मुलांनी प्रश्न विचारायचे, जिज्ञासेतून. पॅनेलचं एक वेळ जमेल. प्रश्नांचं काय? मागे वर्गातल्या पिंकीने विचारलं होतं, कांदाचाळीत साठवलेल्या कांद्याला अंधारात कसं कळतं, की आता कोंब फोडायचा? मी म्हटलं, सिलॅबसमध्ये नाही. ती खाली बसली. माझे पाय तासभर कापत होते. बहुतेक अशक्तपणा.

१९ जानेवारी, सोमवार
उपाय सापडला. बारा प्रश्न लिहून बारा मुलांना चिठ्ठ्या दिल्या. मुलांनी हजेरी क्रमांकाने विचारायचं. उत्तरं मी पाठ करतोय. याला नियोजन म्हणतात. घरी बायको भाग्यश्री भाजी निवडता निवडता म्हणाली, मग यात जिज्ञासा कोणाची? तिला शिक्षणशास्त्रातलं कळत नाही.

२१ जानेवारी, बुधवार, दुपारी दोन
मधली सुट्टी मी नेहमी ऑफिसात काढतो. परत वर्गात आलो तर पॅनेल गरम. चादरही उलटी. कोणी हात लावला, विचारलं. सगळ्यांची डोकी पुस्तकात. म्हणजे व्होल्टेजच. माझं बरोबर होतं.

२६ जानेवारी, सोमवार
झेंडावंदन. भाषणात चौथ्या प्रश्नाचं उत्तर तोंडात आलं. उद्या पॅनेल लागलं नाही तर बिघाड सांगणार. घशाला कोरड. हवामान बदलतंय.

२७ जानेवारी, मंगळवार, संध्याकाळ
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

मॅडम मागच्या बाकावर बसल्या. मी सांगितलं, बिघाड आहे, आपोआप तापतं. पिंकी उठली आणि कोणाला न विचारता तिने पॅनेल लावलं. त्यावर उभा कापलेला कांदा, आत हिरवा कोंब, अर्धवट पाहिलेला व्हिडिओ. मॅडम खूश. म्हणाल्या, आता सरांना मनातलं काहीही विचारा. मी पहिल्या उत्तराच्या तयारीत. हजेरी क्रमांक एक उठलाच नाही. कोणीच उठेना. मॅडमनी पिंकीला कारण विचारलं.

“मॅडम, सरांना नका विचारायला लावू,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “सर लय घाबरतात. ओठ वाळून जातात त्यांचे. आमचं आम्ही मधल्या सुट्टीत याच्यावर पाहून घेतो.”

वर्गात कोणी हसलं नाही. हसले असते तर ओरडता आलं असतं.

मॅडमनी शेरा लिहिला, मुलं समंजस आहेत. माझ्याबद्दल ओळ नाही.

२८ जानेवारी, बुधवार
रजा टाकणार होतो, टाकली नाही. ठरवलं, आज मधल्या सुट्टीत मुलांमध्ये जाऊन बसायचं. येत नाही ते येत नाही म्हणायचं. दार लोटलेलं होतं. आतून एकावर एक प्रश्न ऐकू येत होते. फार चांगले प्रश्न. एकाचंही उत्तर मला येत नव्हतं. भीती वाटली, तरी दार वाजवलं.

आत एकदम सगळं बंद झालं. पिंकी हळू आवाजात म्हणाली, “सर आले. कोणी काही विचारू नका.”

मी आत गेलो आणि हजेरी घेतली.