फागण्यापुढची दहा मिनिटं

अमळनेर
१७ एप्रिल २०२५

प्रिय डॉक्टर प्रशील यांस,

सप्रेम जयभीम. तुमच्या वडिलांना, आधारनानांना माझा नमस्कार सांगा. त्यांचे गुडघे बरे असतील.

इकडे ठीक आहे. ऊन असं की डांबर चपलेला चिकटतं. तिसरी गाडी घेतली, जळगावचं भाडं रोज असतं. आमची घरवाली बेबाबाई म्हणते, "आता तरी स्टेअरिंग सोडा." म्हटलं, सोडलं तर घरी बसून शेजाऱ्यांचं बोलणं ऐकत बसेन. ती म्हणाली, "तुमच्या कानांपायी शेजारी कधीचेच हळू बोलतात."

परवा एसटी स्टँडवर तुमची बहीण प्रज्ञा भेटली. विचारलं, "डॉक्टर कसे आहेत?" म्हणाली, "बरा आहे." पण बोलण्याआधी ती जरा थांबली, तेवढं मला पुरलं. चहा सांगितला, मग पोरगी बोलली. शिंदखेड्याचा दवाखाना तुम्ही उघडत नाही. जेवतासुद्धा उभ्याने, बसलं की डोळा लागेल म्हणून. दर पंधरा मिनिटांनी मोबाइलचा गजर. धुळ्याच्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे वेळ घेतली, तर म्हणालात, "झोपेत माणूस मारला मी. मला कोणी झोपवू नका." आणि आईला म्हणालात की मी नसतो तर बरं झालं असतं.

डॉक्टर, हे ऐकून मी घरी आलो आणि दोन दिवस जेवलो नाही. बेबाबाईला पित्त झालं म्हणून सांगितलं.

दुसऱ्या लाटेतला तो एप्रिल. आपली रुग्णवाहिका, मी पुढे, तुम्ही मागे. तुमच्या जागरणाचा तिसरा दिवस, अंगावरचा तो प्लास्टिकचा झगा उतरला नव्हता. पारोळ्याहून पार्वताबाईंना धुळ्याला नेत होतो. त्यांचा मुलगा युवराज मोटारसायकलवर मागून येत होता. तुम्ही मधल्या खिडकीतून म्हणालात, "शालिकभाऊ, पाच मिनिटं डोळे मिटतो. काही वाटलं तर हाक मारा."

मी म्हटलं, "झोपा हो, मी आहे ना."

आणि तुम्हाला झोप लागावी म्हणून सायरन बंद केला. रस्त्यावर होतंच कोण?

ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी बुडबुडतं, तो आवाज मला पुढे ऐकू यायचा. तेवढ्यावर मी मागचं सगळं ओळखायचो. फागणं गाव मागे पडलं आणि बुडबुडे थांबले.

मी ऐकलं, डॉक्टर. स्वच्छ ऐकलं.

सिलिंडर संपला होता, दुसरा भरलेला होता. गाडी थांबवून, तुम्हाला उठवून तो जोडायला दोन मिनिटं लागली असती. मी हिशोब केला, की दहा मिनिटांत धुळं गाठतो, पोराला झोपू दे. पाय दाबला. म्हातारीचा श्वास ऐकत होतो. आधी मोठा झाला, मग तुटक. तेव्हाही हाक मारली नाही, कारण आता मारली तर आधी का नाही मारली, हे सांगावं लागलं असतं.

धुळ्यात दार उघडलं तेव्हा तुम्ही जागे झालात.

चौकशीत मी लिहून दिलं, सायरनच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. नोकरी जाईल अशी भीती होती. तुम्ही शेजारीच उभे होतात. सायरन बंद होता हे तुम्हाला माहीतच नव्हतं. तुम्ही म्हणालात, "चूक माझी, मी झोपलो." मी तुमच्याकडे न बघता सही केली.

तुम्ही हाक मारायला सांगून झोपला होतात. त्यापुढचं काम माझं होतं.

आज सकाळी पारोळ्याला युवराजकडे गेलो. सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, मी चार वरीस त्या डाक्टरले शिव्या दिन्यात." मला मात्र एकही दिली नाही. उठून आत गेला, पुन्हा बाहेर आला नाही. मी ओसरीवरून परत आलो.

नवा जबाब लिहून, चौकशी झाली त्याच कचेरीत दिला आहे. पोच लागलेली प्रत सोबत आहे. ती आईला वाचून दाखवा, आणि त्या डॉक्टरीणबाईंकडे जाताना बरोबर न्या. जायचं आहेच. प्रज्ञाने मंगळवारची वेळ घेतली आहे, गाडी मी आणतो. माझ्या गाडीत बसायचं नसेल तर कळवा, दुसरा ड्रायव्हर पाठवीन.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही लगेच देऊन टाकाल आणि दोष पुन्हा स्वतःकडे घ्याल. ह्या वेळी तो माझ्याकडेच राहू द्या.

ज्याच्या भरवशावर तुम्ही झोपलात तो,
शालिग्राम