वाकळेखाली हातोड्या

१२ एप्रिल १९९८, रविवार

पहिली आली ती पोराची आत्या, पंचफुलाबाई! सिद्धेश्वरहून. बाकीचे जीपमधून उतरायच्या आधीच बाई वसरीत. आमच्या नातीला, दीपमालेला बघायला आलेले पाहुणे. बाई थेट बाजेवर बसली — न् बसली तशी उठली! "अगं बया, काय टोचलं!"

माझ्या हातोड्या टोचल्या. सकाळीच माझा भागवत ओरडला होता, "आई, लोखंड दडव. ह्याच्यापायी सोयरीक मोडली तर समद्या हिरीत टाकीन!" मंग वाकळेखाली दडवल्या. जुन्या, घिसाड्यानं हातानं घडवलेल्या. लोक गंजल्या म्हणून फेकतात. मी उचलून आणते, आंबट ताकात भिजवते, घासते, बाभळीचा दांडा बसवते. लईच फुटकी असली तर दाराला टेकू. एकीला तर करडू बांधते!

पंचफुलाबाईनं वाकळ उचलली. चार हातोड्या, पिल्लावानी वळीनं निजलेल्या. "हे काय?"

मी म्हणले, "कंबरेला बरं पडतं."

दीपमाला पोहे घेऊन आली न् म्हणली, "आज्जी, खोटं काहून बोलता? दांडे आपण दोघी बसवतो. पाचर मी ठोकते."

पोरगा, शिवहार, हसला. आत्या न्हाई हसली. हातोडी उलटीपालटी करून ठेवली. "कळवतो," म्हणून गेले.

१३ एप्रिल

भागवतनं समद्या हातोड्या पोत्यात भरल्या. दीपमाला अर्धी भाकर खाऊन उठली. इचारलं, "आवडला व्हय?" म्हणली, "हसला तवा बरा दिसला."

झालं! माझ्याच लोखंडानं लेकराचं वाटोळं.

१५ एप्रिल

निरोप न्हाई. भागवतनं पोतं हिरीपाशी नेऊन ठेवलं. म्हणला, "शुक्रवारपस्तोर बघतो." सून मला चहा देती, पर कप आपटून.

१७ एप्रिल, शुक्रवार

शिवहार सोताच आला, एसटीनं! पोरगी पसंत म्हणे. दीपमाला चुलीमागं तोंड लपवून हसून राहिली. मंग पोरगं चाचरत म्हणलं, "आत्याची एक अट हाय. नवरीसंगं पाठराखीण म्हणून आज्जीच पाहिजेत. दोन दिवस न्हाई, महिनाभर. आमच्या आज्याच्या एकवीस हातोड्या बिनदांड्याच्या पडल्यात."

भागवतनं पोतं पाठीवर घेऊन परत आणलं! सून म्हणली, "ह्या वयात सासरी चालल्या!"

१८ एप्रिल

पाहुण्यांचा निरोप आला, सोमवारी येतो म्हणले. दीपमालेची सुपारी फोडायला — न् मला मागून घ्यायला.