तांबूचे डोळे

१८ ऑक्टो.
तांबूला खरूज. कानामागचे केस गेलेत, खाजवून रक्त. म्हसवडच्या जनावरांच्या डॉ.नी कातडी खरवडून तपासली, गोळी दिली. "खाज आधी थांबेल, केस सावकाश येतील. मेंढ्यांचं इंजेक्शन मात्र कुत्रीला नको." आबांना तसंच्या तसं सांगितलं. मान हलवली. सासरे माणूस, दोनदा कसं बजावणार?

२३ ऑक्टो.
खाज कमी. केस नाहीत म्हणून आबांची चुळबूळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कऱ्हाडकडे जायचं, राखणीला तांबूच. गेल्या साली लांडगा हिनेच हाकलला. "उघड्या अंगानं थंडीत कशी ऱ्हाईल गं ती?"

२६ ऑक्टो.
सकाळी मेंढ्यांना खरजेचं टोचलं. उरलेलं आबांनी तांबूला. मेंढीएवढंच! दुपारी लाळ, पाय लटपट, घमेल्याला धडकली. मी ओरडले. आबांवर, पहिल्यांदाच. ते म्हणाले, "मेंढराला चालतंय, मग हिला का न्हाई?" खरंच विचारत होते.

२७ ऑक्टो.
डॉ.नी सलाइन लावलं. या औषधाला उतारा नाही, अंगातून जाईस्तोवर सांभाळायचं. डोळे गेलेत, परत दिसेल का? "बहुतेक दिसेल. खात्री देत नाही." आबांचा राग येतो आणि त्यांच्याकडे बघवतही नाही. जेवले नाहीत.

३० ऑक्टो.
उभी राहते. दिसत नाही. मेंढरांची घंटा वाजली की तिकडे धावते, भिंतीवर नाक आपटतं. यांचा फोन, सुट्टी नाही म्हणे. "आबांना बोलू नको काही." बोलून झालंय की!

३ नोव्हें.
बाकीचे कळप गेले. इथे चारा संपत आलाय. आबा अडून बसलेत, "तिला दिसल्याबिगर मी हालत न्हाई." कातडीवर बारीक लव आलीय. गोळीचं काम चालूच होतं.

५ नोव्हें.
आबांनी अंगणातून हाक मारली. "आगं ये, हात नेला तर डोळं मिटलं तिनं!" तिच्या डोळ्यांपुढून परत हात फिरवून दाखवला. पापणी हलली खरी. मला ती हाताच्या वाऱ्यानं हलल्यासारखी वाटली. आबा रडत होते, हसतही होते. "उंद्या निघतो. हिला बी घिऊन."
सांगायला हवं. भाकरीचं पीठ काढून बसलेय नुसती. बाहेर आबा तिच्या गळ्यात लांडग्यासाठीचा काटेरी पट्टा चढवताहेत, आणि ती शेपूट हलवतेय.