विजेच्या गाळणीबाबत अखेरचा निवाडा

मी, धनराज लटारू पिंपळशेंडे, वय सत्तावन्न, धंदा संस्कृत शिकवणे, राहणार घुग्घुस, तालुका व जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, चहा घेऊन झाल्यावर, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. पत्नी शेजारच्या खोलीत आहे, पण तिचा दबाव लग्नापासूनचा असल्याने तो नवा धरू नये. येत्या सोमवारी नागपुरात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. छाती माझी असल्यामुळे मी लिहून ठेवतो.

मला घरादाराची चिंता नाही. चिंता एकच आहे, माझ्यामागे रीताला माहेर उरेल की नाही. तिचे आईवडील गेले. भाऊ एकच, प्रफुल, आणि त्याचे येणे एका लोखंडी डब्यापायी बंद आहे. त्याचा निकाल कलम ५ मध्ये दिला आहे. तोवर वाचणाऱ्याने धीर धरावा.

१. राहते घर रीताचे. "एकटी कशी राह्यशील?" असे विचारत येणाऱ्याला चहा द्यावा, घराचे कागद देऊ नयेत.

२. बँकेतील ठेवी रीताच्या, तिच्यामागे मुलगी प्रिया हिच्या. प्रिया गडचिरोलीला नर्स आहे. माझे तिन्ही संस्कृत कोशही तिलाच. मागे तिने त्यातला जाडा कोश लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवला होता. तो वापर चालू ठेवण्यास माझी हरकत नाही, मात्र तेलाचा हात पुसावा.

३. पेचकस, पक्कड, सोल्डरिंगची कांडी व ड्रिल मशीन शेजारी मुखरू उरकुडे यांना. यातल्या बहुतेक वस्तू त्यांच्याच घरी आहेत. ताबा त्यांनी आधीच घेतला आहे, मालकी मी आज देतो.

४. रेकॉर्ड प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर आणि सगळ्या रेकॉर्ड रीताला. कोळशाच्या धुळीसाठी तिने शिवलेली झाकणे रोज घालावीत. खाणीत सुरुंग उडण्याच्या वेळी रेकॉर्ड लावू नये. सुई उडते आणि दोष गायकावर जातो.

५. आता डबा. दुकानाच्या भाषेत त्याला पॉवर कंडिशनर म्हणतात. मी त्याला विजेची गाळणी म्हणतो. भद्रावतीला प्रफुलचे इलेक्ट्रॉनिक्सचे दुकान आहे.

झाले ते असे. प्रियाच्या लग्नाआधी मी अंगणभर फरशी बसवली. पुढच्या मार्चमध्ये स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येऊ लागला. प्रफुल आला, कान लावून म्हणाला, "भाऊजी, तुमच्या लाइनीतच कचरा हाय. इथी कंडिशनर लागते." जूनमध्ये त्याने डबा आणून बसवला. आठवड्यात घूं गेली.

"पाह्यलं? मी काय म्हणत होतो!"

पुढच्या मार्चमध्ये घूं परत आली, डबा जागेवर असताना. मी म्हणालो, "हा डबा घेऊन जा."

"वापरलेला डबा मी परत घेत नाई."

"मग तू मला फसवलंस."

"फसवलं? माह्या सोताच्या घरी हाच डबा लावून हाय! जाऊन पाहून या. डबा बरोबर हाय, भाऊजी, तुमचे कानच खराब हायेत."

मी डबा ऑटोत घालून भद्रावतीला धाडला, त्याने तो दुसऱ्या ऑटोत घालून परत धाडला. त्यानंतर दोन भाऊबिजा कोरड्या गेल्या. रीताने दोन्ही वेळा ताट केले आणि झाकून ठेवले.

शस्त्रक्रियेची तारीख मिळाली तेव्हा ठरवले, आधी या भांडणाचा तपास करू. अन्वय-व्यतिरेक लावला, म्हणजे एखादी गोष्ट असताना काय होते आणि नसताना काय होते ते पाहिले. डबा लावला, घूं आहे. डबा काढला, तेवढीच घूं आहे. तेव्हा घूं येण्याशी डब्याचा संबंध नाही आणि जाण्याशीही नाही. जूनमध्ये डबा आला आणि घूं गेली, हा काकतालीय न्याय झाला. कावळा बसला तेव्हाच ताडाचे फळ पडले, एवढेच. मग जूनमध्ये दुसरे काय आले होते? पाऊस.

रीताला विचारले, "हा आवाज सुरू होण्याआधी घरात असं काय होतं, जे आता नाही?"

तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "सडा. तुमची फरशी झाली अन् माहा सडा बंद झाला. किती खेपा सांगतलं, अंगण भाजून राह्यलं म्हणून. तुमाले ऐकू येते ते फकत डब्यातलं."

घराच्या अर्थिंगचा, म्हणजे विजेतला कचरा ओल्या मातीत जिरवणारा, खड्डा अंगणाच्या कोपऱ्यात आहे. रीता रोज पहाटे सडा घाली, त्याचे पाणी त्या खड्ड्यात मुरे. मी त्यावर फरशी ठोकली. आपल्याकडचा उन्हाळा खाली उतरला, माती वाळली, अर्थिंग निकामी झाले. पावसाळ्यात फटींतून पाणी जाई आणि घूं गप्प बसे. गाळणी बिचारी गाळत होती, पण गाळलेले वाहून जायला मोरीच नव्हती. मुखरू यांच्या मदतीने चार फरश्या काढल्या, खड्ड्यात मीठ-कोळसा भरून पाणी सोडले. दुसऱ्या दिवशी स्पीकर शांत होते, डबा लावून आणि न लावताही.

सबब निवाडा : घरच्या गाण्याच्या संचाला विजेची गाळणी लागत नाही. आधी अर्थिंग पाहावे. व्होल्टेज फार खाली-वर होत असेल तर साधा स्टॅबिलायझर पुरतो. प्रफुलचे निदान चुकले, दानत चुकली नाही. जो माणूस तोच डबा स्वतःच्या घरी लावतो तो ठक नसतो, श्रद्धाळू असतो. त्याला फसवणारा म्हणणे मी मागे घेतो. माझ्या कानांविषयीचे विधान त्याने मागे घ्यावे अशी सक्ती नाही.

६. दोन्ही मोठे स्पीकर प्रफुलला. अट : ते या घराबाहेर नेऊ नयेत. अ‍ॅम्प्लिफायर बहिणीचा, स्पीकर भावाचा. एकाशिवाय दुसरे वाजत नाही. ज्याला गाणे ऐकायचे त्याने भाऊबिजेला इथे यावे.

७. दुसऱ्या साक्षीदाराची जागा प्रफुलसाठी ठेवली आहे. रीताने त्याला फोन केला आहे. येतो म्हणाला नाही, येत नाही असेही म्हणाला नाही.

ठिकाण घुग्घुस, १७ एप्रिल २०२५.
(सही) धनराज लटारू पिंपळशेंडे

सहीनंतरची नोंद, त्याच दिवशी : प्रफुल दुपारी आला. दारातूनच बहिणीला म्हणाला, "बाई, पाणी दे." मग उभ्या उभ्या सगळे कागद वाचले आणि कलम ५ दोनदा वाचले. सह्यांसाठी बोलावलेले वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळते त्याची साक्ष नको, उद्या कोणी शंका काढील. एकतर स्पीकर घ्या, नाहीतर सही करा.

प्रफुल म्हणाला, "मंग स्पीकर बाईलेच द्या. मले काईच नोको. मी तसाबी येतोच."

रीता आतून म्हणाली, "आदी जेव, मंग सही कर."

त्यावरून कलम ६ खोडले असून स्पीकर रीताला दिले आहेत. मुखरू यांनाही तोच नियम लागतो, म्हणून त्यांची हत्यारे आजच हातोहात बक्षीस देऊन कलम ३ ही खोडले आहे. या नोंदीखाली मी दोन्ही साक्षीदारांसमक्ष पुन्हा सही केली आहे.

(सही) धनराज लटारू पिंपळशेंडे

साक्षीदार १ : (सही) मुखरू उरकुडे, राहणार घुग्घुस.

साक्षीदार २ : (सही) प्रफुल ताजने, राहणार भद्रावती, रीताबाईचा भाऊ. (शेवटचे दोन शब्द वकीलसाहेबांनी सांगितले नव्हते. त्याने आपणहून लिहिले.)