सरळ केलेली कात्री

प्रिय मावशी,

बारापैकी नऊ चित्रं भरून झाली. किसणी, चिमटे, चहाची किटली, सगळी तू काढलेली. मी ती स्कॅन करून सुती कापडावर फिकट करड्या रंगात छापते आणि त्यातल्या निवडक रेषांवर उलटी टीप घालते. बाकीच्या रेषा नुसत्या छापील ठेवते. काढायचं तू, भरायचं मी, हे आपलं ठरलंच होतं, कारण सुई ओवताना तुझा हात स्थिर राहत नव्हता. आमच्या छपाईखात्याचे फोरमन कापड उन्हात धरून म्हणाले, तुमच्या मावशींना इथेच नोकरीला ठेवा, पट्टी न लावता अशी रेघ कुणाची येते! मी हसले नाही. तू म्हणशील, ही हसते तरी कधी, त्यात नवल ते काय.

टाके मला तूच शिकवलेस. शिवणाच्या मशीनशेजारी स्टुलावर बसवून एकच ओळ चार वेळा उसवायला लावलीस. मी टाके मोजायला लागले तेव्हा मला फूटपट्टी म्हणायला लागलीस. कापड खोटं बोलत नाही, हे तुझं तेव्हाचं वाक्य. म्हणूनच ते पहिले दोन नमुने पाठवले तेव्हा तू फोनवर इतकी खूश झालीस. कागदावर वाकडं वाटलं तो चष्म्याचा दोष असणार, म्हणालीस, कापडावर बघ, किसणीच्या कडा कशा दोरीत आल्यात; हात सुधारला की गं माझा! मी हो म्हटलं. त्या एका ‘हो’ला आता अडीच महिने झाले.

तुझा हात सुधारलेला नव्हता. आमच्या प्रोग्रॅममध्ये रेषा गुळगुळीत करायची एक सोय आहे, शून्य ते शंभर. मी ती ऐंशीवर ठेवली. थरथरती रेषा छापली की लोकांना मशीनचा दोष वाटतो, हे कारण मी स्वतःला दिलं, आणि ते खरंही आहे. पण तू काढलेल्या कात्रीच्या त्या कापऱ्या पात्याकडे मला बघवत नव्हतं, हे त्याहून खरं.

काल तुझ्या लेकाचा फोन आला. तू महिन्यापासून थरथरीच्या गोळ्या बंद केल्यास. परवा किटली निसटून पाय भाजला, तरी येईल त्याला माझं कापड दाखवून हात बरा झाल्याचं सांगतेस. तो मला म्हणाला, तूच समजाव, तुझंच ती ऐकते. त्याला मी काही सांगितलं नाही. आधी तुला सांगायला हवं होतं. सोबत कात्री पुन्हा छापून, भरून पाठवते आहे, या खेपेस तू काढलीस तशीच. तुझ्या रेषेवर टाका लांब घालताच येत नाही. जिथे दोन पुरले होते तिथे सात लागले. बाकीची अकराही आता अशीच करणार आहे. गुरुवारी डॉक्टरांकडे जाशील तेव्हा हेच कापड ने, आधीचं नको. कापड खोटं बोललं नव्हतं मावशी, मी बोलले. मनसोक्त रागाव माझ्यावर, पण आधी गोळी घे.

उसवायला बसलेली,
तुझीच फूटपट्टी