बिनउंबरठ्याची इमारत

प्रिय निमिष,

तुझे दोन फोन घेतले नाहीत, राग मानू नकोस. फोनवर मला धड भांडताही येत नाही.

रोह्याचं कामगार विश्रामधाम तू छान उभं केलंस, असं सगळे म्हणतात. मंगलोरी कौलं परत चढली, कुंडलिका नदीकडचा लांब व्हरांडा लख्ख झाला, पेपरात तुझं नाव आलं. आता तिथं शनिवार-रविवार मुंबईचे पाहुणे उतरतात. पूर्वी मिठागरातली, गिरणीतली माणसं दुखण्यातून उठायला येऊन राहायची. माझे वडील, जनू, तिथंच बरे झाले. त्यांना भेटायला मी यायचो, तेव्हा तू कॉलेजातून इमारतीचे नकाशे काढायला आला होतास. टेपचं एक टोक तू धरायचास, दुसरं मी. तशी आपली मैत्री.

या इमारतीत एकाही दाराला उंबरठा नाही, हे तूच मला दाखवलंस. आजारी माणसाचा पाय उचलत नाही, म्हणून बांधणाऱ्याने तो ठेवलाच नव्हता. पण हमरापूरच्या गवंड्याला ते पटेना. उंबरठा नाही तर हळदकुंकू कुठं वाहायचं? मग त्याने प्रत्येक दारात काळ्या दगडाची पट्टी फरशीच्या पातळीत बसवली. देवीचा मान राहिला आणि कुणाला ठेचही लागली नाही. तू म्हणालास, धनेश, ही इमारत आजाऱ्याच्या पायाशी वाकलीय. देवळात बसलो की मला कधीकधी तुझं ते वाक्य आठवायचं.

माझ्या धाकट्या भावाचं, प्रविणचं, तुला माहीत आहेच. कंपनीत वायू गळला आणि त्याची छाती गेली. कंत्राटी माणूस, कुणी विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले, मोकळी हवा द्या. आमचं घर खाडीकाठचं, पत्र्याचं. दुपारी धडधाकट माणूसही त्यात गुदमरतो. दोन खोल्या कामगारांसाठी ठेवू, असं तुमच्या ट्रस्टने सभेत सांगितलं होतं. मी एक खाट मागितली. तू म्हणालास, घेऊन ये, बघू.

आलो. दारात सागवानी उंबरठा, चांगला वीतभर उंच, पितळी फुलं ठोकलेला. पाहुण्यांना जुनं वळण आवडतं, म्हणालास. प्रविणने चौकट धरून एक पाय आत टाकला, दुसरा अडकला. मी मागे त्याचा ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन उभा. वॉचमन हसून म्हणाला, "काका, रातची उतरली नाय का अजून?" प्रविणलाही हसू आलं, आणि हसता हसता उबळ आली. आतले पाहुणे चहा ठेवून बघत राहिले. तू मला बाजूला घेतलंस. इथं आता असं कुणाला ठेवणं बरं दिसणार नाही, समजून घे, म्हणालास. परतताना रिक्षात प्रविण म्हणाला, "हवा मातर मस्त हाय रे तिथं, दादा."

माहीत नसलेल्या कुणी तो उंबरठा बसवला असता, तर मी देवावर सोडून दिलं असतं. तुला माहीत होतं.

प्रविण गेल्या एकादशीला गेला. त्याच्या आदल्या आठवड्यात तुझा माणूस घरी आला होता, तिथल्या बैठकीच्या भिंतीवर लावायला जुन्या कामगारांचे फोटो मागत. व्हरांड्यात ओळीने बसलेल्या माणसांत बाबा आहेत, असा एकच फोटो आमच्याकडे. मी त्याला बाहेरूनच घालवला. प्रविणने अंथरुणातून ऐकलं. म्हणाला, "देऊन टाक, दादा. बाबा तरी ऱ्हाऊ दे तिथं." म्हणून फोटो सोबत पाठवतोय. मी दिला असं समजू नकोस.

अजून तरी तुझाच,
धनेश